पुढच्या अ‍ॅक्सलमधले पाणी

चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल तीन कामे एकाच वेळी करतो. तो गाडीचे वजन पेलतो, चाकांना डावी-उजवीकडे वळू देतो आणि वळलेल्या चाकापर्यंतही इंजिनाची ताकद पोहोचवतो. मागच्या अ‍ॅक्सलवर वळण्याची जबाबदारी नसते, त्यामुळे त्याची रचना सुटसुटीत असते आणि तो वर्षानुवर्षे फारसा त्रास न देता चालतो. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये मात्र ही तिन्ही कामे चाकाच्या मागे जेमतेम वीतभर जागेत एकत्र येतात. तेथे तेल आहे, ग्रीस आहे, फिरणारा शाफ्ट आहे, त्या शाफ्टभोवती वळणारे लोखंडी कवच आहे, आणि या सगळ्याला बाहेरच्या चिखल-पाण्यापासून वेगळे ठेवणाऱ्या रबराच्या पातळ कडा, म्हणजे सील, आहेत. या पावसाळ्यात मी माझ्या जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल पूर्ण उघडून पुन्हा बांधला. मेकॅनिकचे काम मी नव्यानेच शिकते आहे, आणि नव्याने शिकणाऱ्याला सुटे भाग बदलण्याची घाई असते. कोणता भाग कशामुळे झिजला हे आधी ठरवायचे आणि पाना त्यानंतर हाती घ्यायचा, ही सवय मला या अ‍ॅक्सलने लावली, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

जिप्सीविषयी थोडे सांगायला हवे. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीवरून मारुतीने १९८५ च्या डिसेंबरात ती भारतात आणली. सुरुवातीचे इंजिन ९७० सीसीचे होते, १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन घेऊन ‘जिप्सी किंग’ आली, आणि २०१९ च्या सुमारास नागरी बाजारातली तिची विक्री थांबली. सैन्यदलाने आणि पोलिसांनी ती मोठ्या संख्येने वापरली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात तिची ओळख ताडोबामुळे आहे. १९५५ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या उघड्या जिप्सी वर्षाचे नऊ महिने कच्च्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ फिरतात. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते, आणि तेव्हा या गाड्यांच्या मोठ्या दुरुस्त्या निघतात. माझी जिप्सीही सफारीच्या कामातून बाहेर पडलेली. मी भौतिकशास्त्र शिकवते, पावसाळ्यात दुपारनंतरचा वेळ मोकळा मिळतो, आणि अशा गाड्या हाताळण्यात ज्यांची हयात गेली त्या एका मिस्त्रींनी त्यांच्या गॅरेजचा एक कोपरा मला वापरू दिला.

गाडीच्या तक्रारी तीन होत्या. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नव्हते, ते ओढून आणावे लागे. चारचाकी ओढ लावून पूर्ण वळण घेतले की डाव्या चाकाकडून टक-टक असा आवाज येई. आणि त्याच चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर तेलकट, काळपट ओघळ उतरलेला दिसे. अनुभवी माणूस एवढे ऐकून लगेच सांगेल की किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर वळते त्यांची, बेअरिंगे गेली, शाफ्टचा जॉइंट गेला आणि सील गेले, आणि ते चूकही नसेल. या तिन्ही गोष्टी बाजारात मिळतात. पण मी कापड आणि डिझेलचा डबा घेऊन बसले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “ताई, पुसायच्या आधी पाहून घ्या. एकदा पुसलं की मग काही समजत नाही.” म्हणून उलगडलेला प्रत्येक भाग मी मळक्या अवस्थेतच, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, जुन्या वर्तमानपत्रावर मांडत गेले.

उलगडण्याचा क्रम ठरलेला आहे. गाडी उचलून चेसिसखाली भक्कम घोडे लावायचे, चाक काढायचे, ब्रेकचा कॅलिपर सोडवून तो तारेने पाट्याला बांधून ठेवायचा, म्हणजे त्याचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येत नाही. मग हाताने फिरवायचा लॉकिंग हब, शाफ्टच्या टोकावरची सर्क्लिप, वाकवलेला लॉक वॉशर, मोठा नट आणि बेअरिंगांसह चाकाचा हब. त्यामागे स्पिंडल असतो, ज्याच्या पोकळीतून शाफ्ट बाहेर येतो. स्पिंडल सुटला की शाफ्ट जॉइंटसह हळूहळू ओढून घ्यायचा, त्याचे वजन आतल्या सीलच्या कडेवर टेकू द्यायचे नाही. शेवटी उरते ती नकल, म्हणजे चाकासह वळणारे कवच. अ‍ॅक्सलच्या नळकांड्याच्या टोकाला लोखंडाचा मोठा गोल असतो, त्याला नकल बाहेरून कवेत घेते आणि वर-खाली असलेल्या दोन किंगपिनांवर वळते. प्रत्येक किंगपिनभोवती एक टेपर रोलर बेअरिंग. खालचा किंगपिन काढताना एक हात खाली धरावा लागतो, नाहीतर बेअरिंग सरळ जमिनीवर येते.

आता जे दिसले ते. डावी नकल उघडताच आत काळे घट्ट ग्रीस असायला हवे होते. तेथे फिक्कट तपकिरी रंगाचा पातळ लगदा होता, आणि त्याला गिअर ऑइलचा तो ओळखू येणारा गंधकासारखा उग्र वास होता. म्हणजे डिफरन्शियलमधले, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यातले, तेल आतल्या सीलमधून नकलमध्ये आले होते. डिफरन्शियलचा खालचा प्लग उघडला तर सुमारे दोन लिटर तेलाबरोबर आधी स्वच्छ पाण्याची धार आली आणि मागून दुधाळ तेल. तेल नकलमध्ये गेले होते आणि पाणी डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एकाच सीलमधून दोन्ही दिशांनी वाहतूक झाली होती. ही गोष्ट मला विचित्र वाटली. फाटलेल्या सीलमधून तसे होऊ शकते, पण सील काढून उजेडात धरले तेव्हा त्याची कडा कडक झालेली असली तरी फाटलेली नव्हती.

उत्तर अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला होते. तेथे करंगळीच्या टोकाएवढी धातूची टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. अ‍ॅक्सल चालताना तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि या टोपीतून बाहेर जाते. थंड झाला की तेथूनच हवा आत येते. माझ्या गाडीची ही टोपी काळ्या मातीने लिंपली गेली होती, आणि ती माती उन्हात भाजून इतकी घट्ट झाली होती की सुईनेच टोकरावी लागली. तेवढे दिसल्यावर मी कागद-पेन घेऊन बसले. समजा, लांबच्या चढावर आतली हवा ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, आणि वाट न मिळाल्याने जादा हवा, तिच्याबरोबर थोडे तेल, सीलच्या कडा उचलून बाहेर निसटले. त्यानंतर गाडी नाल्यात उतरली आणि पाण्याने अ‍ॅक्सल एकदम २५ अंशांवर आला. निरपेक्ष तापमानात हा प्रवास ३५३ वरून २९८ केल्व्हिनपर्यंतचा आहे, म्हणजे आतला दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटणार. वातावरणाचा दाब साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, त्याचे १५ टक्के म्हणजे दीड मीटर. नाला गुडघाभरच खोल असेल, पण त्या सीलच्या दृष्टीने अ‍ॅक्सल दीड मीटर खोल पाण्यात बुडवल्यासारखा झाला. तेल आत धरून ठेवण्यासाठी घडवलेली सीलची कडा आतून येणाऱ्या दाबाने शाफ्टवर घट्ट बसते, आणि उलट दिशेच्या ओढीपुढे ती अगदी दुबळी असते. अकरावीच्या वर्गात मी हा वायूंचा नियम शिकवते, उदाहरणेही सोडवून घेते, पण त्याने ग्रीसचा लगदा झालेला मी प्रथमच पाहिला.

सगळा दोष त्या टोपीवर टाकणेही बरोबर होणार नाही. ब्रीदर दोन्ही बाजूंना एकच असतो, तरीही उजव्या नकलमधले ग्रीस जवळजवळ शाबूत होते. फरक कशाने पडला हे शोधताना डाव्या गोलावर गंजाचे खड्डे सापडले. नकल वळते तेव्हा या गोलावरून नमद्याची आणि रबराची एक पट्टी पुसत जाते आणि चिखल बाहेरच थोपवते. खड्ड्यांच्या धारदार कडांनी ती पट्टी आतून कातरली गेली होती. म्हणजे डावीकडे पाण्याला नकलमध्ये शिरायला आधीच वाट होती, आणि बुजलेल्या ब्रीदरने त्याला तेथून पुढे डिफरन्शियलपर्यंत ओढून नेले. दोन कारणे एकत्र आली, आणि त्यांपैकी एकच दूर केले असते तर नवे सुटे भागही त्याच मार्गाने गेले असते. नुसती सील बदलून गाडी रस्त्यावर काढली असती, तर पुढच्या पावसाळ्यात हाच लगदा पुन्हा काढावा लागला असता, याबद्दल मला शंका नाही.

टक-टक आवाज येत होता तो जॉइंट मी सर्वांत जास्त वेळ पाहत बसले, कारण या अ‍ॅक्सलमधली सर्वांत सुंदर वस्तू तीच आहे. वळलेल्या चाकाला फिरवायचे तर शाफ्टला सांधा हवा. साधा क्रॉस-जॉइंट, ज्याचे तत्त्व सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तपासले होते, तो येथे चालत नाही. अशा सांध्यात आतला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरला तरी बाहेरचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा वेग घेतो. चाक ३० अंश वळलेले असेल तर हा चढ-उतार सुमारे १३ टक्के कमी ते १५ टक्के जास्त एवढा होतो, आणि तो सगळा स्टिअरिंगमधून हातांपर्यंत येतो. १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने त्यावर उपाय काढला. त्याच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या वक्र खाचांमध्ये एका पिंजऱ्याने धरलेल्या असतात, आणि चाक कितीही वळले तरी त्या गोळ्या दोन शाफ्टांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीतच राहतात. दोन्ही बाजूंना त्या सारख्याच अंतरावर असल्यामुळे दोन्ही शाफ्टांचा वेगही सारखाच राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये जे वेगवेगळे जॉइंट बसवले गेले त्यांत हाही होता, आणि जिप्सीत याच घराण्यातला सुधारलेला जॉइंट आहे.

माझ्या जॉइंटच्या खाचा मधोमध आरशासारख्या गुळगुळीत होत्या आणि टोकांकडे खरवडलेल्या. चाक जितके जास्त वळते तितक्या गोळ्या खाचेच्या टोकाकडे सरकतात, म्हणजे हे नुकसान पूर्ण वळणावर जोर लावताना झालेले होते. सफारीच्या अरुंद वाटेवर गाडी वळवून घेताना नेमके हेच करावे लागते. त्यात वंगणाच्या जागी पातळ लगदा असेल तर पोलादाचा पृष्ठभाग फार काळ टिकत नाही. उजवीकडचा जॉइंट तेच काम करूनही चांगला होता, एवढ्यावरून वंगणाचा वाटा किती मोठा हे कळते.

किंगपिनच्या बेअरिंगांची कथा थोडी वेगळी आहे. चाकाचे बेअरिंग सतत पूर्ण फिरते, त्यामुळे त्याचे रोलर ग्रीस सगळीकडे पसरवत राहतात. किंगपिनचे बेअरिंग मात्र आयुष्यभर एका छोट्या कोनात मागे-पुढे डुलते, आणि बहुतेक वेळ तर सरळच उभे असते. खड्ड्याचा प्रत्येक धक्का रोलर त्याच त्या जागी घेतात, तेथले ग्रीस पिळून निघते, आणि कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, रोलरच्या आकाराचे बारीक ठसे उमटतात. खालच्या कपावर नखाने चाचपले तर ते ठसे ओळीने लागत होते. स्टिअरिंग सरळ होत नव्हते याचे कारण येथे होते. रोलर एका ठशातून उठून पुढच्या ठशात पडत आणि तेथेच अडत. या खुणांना अभियांत्रिकीत ब्रिनेलचे नाव चिकटले आहे. कठीण गोळी धातूवर दाबून उमटलेल्या ठशावरून त्याचा कठीणपणा मोजण्याची पद्धत या स्वीडिश अभियंत्याने १९०० मध्ये मांडली होती.

सुटे भाग नागपूरहून आणले. येथे नवख्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगते. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक नीट पुसून वाचला की ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात, चांगल्या बनावटीचे, बहुधा रास्त दरात मिळते. गाडीच्या नावाने मागितले की जे पाकीट पुढे येईल ते घ्यावे लागते. शाफ्ट घेताना मात्र गाडीचे साल सांगावेच लागते, कारण १९९३ मध्ये जिप्सीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, रुंद केला गेला आणि आधीचे शाफ्ट नंतरच्या गाड्यांना लागत नाहीत. डावा आणि उजवा शाफ्टही एकसारख्या लांबीचा नसतो, कारण डिफरन्शियल गाडीच्या मध्यभागी नसून एका बाजूला आहे.

बांधणीच्या कामात जोर फार लागत नाही, कान आणि बोटे मात्र सतत जागी ठेवावी लागतात. नवा कप ठोकून बसवण्यासाठी मिस्त्रींनी जुनाच कप बाहेरून थोडा घासून घेतला आणि तो नव्यावर ठेवून हातोडी मारायला दिली, म्हणजे घाव सगळीकडे सारखा पडतो आणि नव्या पृष्ठभागाला हातोडी लागत नाही. कप जागेवर टेकेपर्यंत आवाज बोदा येतो, टेकला की तो टणक, खणखणीत होतो, आणि तेथेच थांबायचे. बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या कडेने रोलरांच्या फटींतून ग्रीस डोकावेपर्यंत. जॉइंटला मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस, चाकांच्या बेअरिंगांना लिथियमचे. शाफ्टवर जुन्या सीलच्या कडेने झिजून पडलेली एक बारीक खाच होती. नवे सील त्याच जागी बसले असते तर त्याची कडा त्या खाचेत पडून पुन्हा गळती लागली असती, म्हणून ते अंदाजे दोन मिलिमीटर आत बसवले आणि कडेला गुळगुळीत, न झिजलेला पट्टा मिळाला. स्पिंडलमधला बुश मात्र लेथवाल्याकडून करून घ्यावा लागला.

सर्वांत मन लावून केलेले काम किंगपिनच्या ताणाचे. किंगपिनच्या कडेखाली पातळ पत्र्या असतात. पत्री काढली की बेअरिंगे आवळली जातात, घातली की सैल होतात. सैल राहिली तर वेगात स्टिअरिंग थरथरायला लागते, आणि जास्त आवळली तर स्टिअरिंग जड होऊन बेअरिंगे लवकर मरतात. हा ताण मोजायची रीत साधी आहे. गोलावरची पट्टी न बसवता, कारण तिचे घर्षण हिशेबात मिसळते, नकलच्या दांड्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि नकल हलायला लागेल त्या क्षणी काटा किती दाखवतो ते वाचायचे. जिप्सीसाठी हा आकडा साधारण एक ते १.८ किलोच्या दरम्यान असावा लागतो. मिस्त्रींनी काटा कधी वापरला नव्हता. त्यांनी नकल दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवली, क्षणभर थांबले, म्हणाले, “अजून एक पत्री काढा.” मी काटा लावला तर तो एक किलोच्या थोडा खाली होता. पत्री काढली आणि काटा दीड किलोच्या आसपास आला. त्यांच्या हातांना हे कसे कळते ते मी विचारले, तेव्हा त्यांनी मलाही तशीच नकल फिरवायला लावली, आधी पत्री घालून आणि मग काढून. फरक जाणवला, पण एकटीने ठरवण्याइतका नाही. मला अजून बराच काळ काटा लागेल, आणि तो लागावा यात मला काही कमीपणा वाटत नाही. हाताला सवय लागायची तर तिला ताडून पाहायला खात्रीचे माप जवळ असलेले बरे.

ब्रीदरची टोपी काढून तेथे नळी जोडली आणि ती इंजिनाच्या खोलीत, बॅटरीच्या वर, तोंड खाली करून बांधली. अख्ख्या कामात सर्वांत कमी खर्च याच तुकड्यावर झाला. मागच्या अ‍ॅक्सलचीही तपासणी केली. तेथली टोपी अर्धी बुजलेली होती, तेल अजून स्वच्छ होते, आणि तिलाही नळी लावली.

गाडी आता वळणानंतर आपोआप सरळ होते आणि पूर्ण वळणावर आवाज येत नाही. पाण्यातून नेल्यावर एकदा प्लग उघडून थोडे तेल काढून पाहिले, ते जसे भरले होते तसेच होते. डाव्या गोलावरचे खड्डे मात्र राहिले आहेत. ते घासून, धातूचा इपॉक्सी भरून, बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून गुळगुळीत केले, तरी इपॉक्सी म्हणजे पोलाद नव्हे आणि तो केव्हातरी कडेने सुटणार. खरा उपाय म्हणजे अख्खे हाउसिंग, गोलासकट अ‍ॅक्सलचे बाहेरचे लोखंडी कवच, बदलणे. जुन्या बाजारात मिळणारी हाउसिंगे बहुतेक वाकलेली असतात, ती सरळ आहेत का हे तपासायची पद्धत मी अजून शिकते आहे, आणि न तपासता घेण्यापेक्षा हे बरे. तोवर चाक काढायचा प्रसंग येईल तेव्हा गोलावर कापड फिरवायचे, त्यावर ग्रीसऐवजी ओल दिसली तर पट्टी बदलायची, आणि पावसाळा संपून उद्यान उघडले, मिस्त्रींचे हात थोडे मोकळे झाले, की नागपूरला हाउसिंग पाहायला त्यांना बरोबर घेऊन जायचे ठरले आहे.